कोंबडी मऊ, सुरकुतलेलं किंवा वेडंवाकडं अंडं घालते तेव्हा

सकाळी खुराड्यात हात घातला आणि कवचाऐवजी नुसत्या पापुद्र्यात भरलेलं लिबलिबीत अंडं हाताला लागलं, की पहिली शंका रोगाची येते. एकदाच झालं असेल तर घाबरू नका. पहिलीच अंडी घालणाऱ्या तलंगेचं शरीर बसायला दोन-तीन आठवडे लागतात. तोवर मऊ, दोन बलकांची, बलकाविना चिमुकली, सगळ्या तऱ्हेची अंडी येतात. आठवड्यात दोन-तीनदा तेच झालं, किंवा एकीऐवजी तिघींची अंडी बिघडली, तर मात्र कारण शोधायला हवं.

त्याआधी अंडं कुणाचं ते ठरवा. संध्याकाळी कोंबडी हातात घेऊन शेपटीखाली, जिथून अंडं बाहेर येतं तिथे, खाण्याच्या रंगाचा एक थेंब लावा. प्रत्येकीला वेगळा रंग. दुसऱ्या दिवशी अंड्यावर त्याच रंगाचा ओरखडा दिसतो. कॅलेंडरवर तारीख, कोंबडी आणि दोष लिहीत जा; पशुवैद्याला हीच नोंद सगळ्यात जास्त उपयोगी पडते.

मऊ किंवा पातळ कवचामागे बहुधा कॅल्शियम असतं, पण नुसतं किती यापेक्षा ते केव्हा मिळालं हे महत्त्वाचं. अंडं तयार व्हायला साधारण 25 तास लागतात. त्यातले 18 ते 20 तास कवच चढण्यात जातात आणि हे काम बरंचसं रात्री चालतं, कोंबडी काही खात नसताना. एका कवचाला सुमारे 2 ग्रॅम कॅल्शियम लागतं. सकाळी दिलेली चुन्याची बारीक पूड रात्रीपर्यंत पोटात टिकत नाही, मग कोंबडी कॅल्शियम स्वतःच्या हाडांतून काढते. शिंपल्याचे जाडसर तुकडे मात्र पेटीत, म्हणजे खाणं दळणाऱ्या पथरीत, अडकून रात्रभर हळूहळू विरघळतात. म्हणून पूड नको, तुकडे हवेत.

ठाणे-नवी मुंबईतलं घणसोली, दिवाळे, चेंदणी, जवळच्या कुठल्याही कोळीवाड्यात तिसऱ्यांचे आणि कालवांचे शिंपले मिळतात. ते दहा मिनिटं उकळा, गोड्या पाण्यात दोनदा धुवा, दोन दिवस कडक उन्हात वाळवा, गोणपाटात गुंडाळून हातोडीने फोडा. चाळून 2 ते 4 मिलिमीटरचे तुकडे ठेवा. कोंबडीमागे रोज छोटा चमचाभर, वेगळ्या वाटीत, दुपारी चारनंतर. खाद्यात मिसळू नका. जिला गरज असते ती आपणहून टिपते. अंड्याचीच टरफलं द्यायची असतील तर तव्यावर कोरडी भाजून ओळखू येणार नाहीत इतकी चुरा. नाहीतर कोंबड्या अंडी फोडून खायला शिकतात, आणि ती खोड मोडणं फार अवघड. मऊ अंडंही याच कारणासाठी दिसताच उचला.

दुसरं कारण आपल्या प्रेमातून येतं. उरलेला भात, पोळीचे तुकडे, शिळा पाव. यांनी पोट भरलं की लेयर खाद्य, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांसाठीचं खाद्य, मागे राहतं. अंड्यावरच्या कोंबडीला दिवसाला 110 ते 120 ग्रॅम खाद्य लागतं, त्यात साडेतीन ते चार टक्के कॅल्शियम असतं. गावठी कोंबडी थोडं कमी खाते. उरलंसुरलं दहाव्या हिश्श्याच्या वर जाऊ देऊ नका. हेच लेयर खाद्य पिल्लांना मात्र घालू नका. वाढीच्या वयात जास्तीच्या कॅल्शियमने मूत्रपिंड बिघडतं. पिल्लं त्याच अंगणात असतील तर त्यांच्यासाठी वेगळं डालगं करा.

एप्रिल-मेमधली दमट उष्णता तिसरं कारण. कोंबडी चोच उघडून धापा टाकते, त्यात रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि कवचाला लागणारं कार्बोनेट अपुरं पडतं. वर खाणंही घटतं. पहाटे आणि सूर्य कलल्यावर खाद्य द्या, मातीच्या भांड्यात पाणी ठेवा, दुपारी ते दोनदा बदला. पाण्याची चवही तपासा. खाडीकाठच्या बोअरला खारटपणा असतो आणि पिण्याच्या पाण्यातल्या मिठाने कवच पातळ होतं. खाद्य बदलून फरक पडला नाही तर पंधरा दिवस नळाचं पाणी देऊन बघा. गॅलरीत किंवा बंद शेडमध्ये राहणाऱ्या कोंबड्यांना थेट कोवळं ऊन हवं. काचेतून आलेल्या उन्हात ड जीवनसत्त्व तयार होत नाही, आणि त्याविना कॅल्शियम अंगी लागत नाही.

अंड्याच्या कंबरेला पट्ट्यासारखी उंच रेघ दिसली तर कवच चढताना कोंबडी दचकली आहे: फटाके, विसर्जनाचे ढोल, रात्री खुराड्याशी घुटमळणारं मांजर. खुराडं झाका, आडोसा करा.

रक्ताचा ठिपका असलेलं अंडं नीट शिजवून खाता येतं. दोन बलकांचंही चालतं, पण ते उबवणीला ठेवू नका. कवच नसलेलं अंडं टाकून द्या. जंतू अडवणारं मुख्य आवरणच तिथे नसतं.

बऱ्याच कोंबड्यांची अंडी एकदम सुरकुतलेली, फोडल्यावर पांढरा भाग पाण्यासारखा, आणि सोबत शिंका, घरघर असेल तर तो श्वसनाचा संसर्ग, बहुधा इन्फेक्शस ब्राँकायटिस. शिंपले घालून तो जात नाही. आजारी कोंबड्या वेगळ्या करा आणि पशुवैद्याला दाखवा. अंड्याऐवजी रबरासारखा पिवळट, थरांचा गोळा पडला तर अंडनलिकेत पू झाला आहे. तिथेही घरगुती इलाज नाही.

अंडं अडकलं तर वेळ दवडू नका. कोंबडी पिसं फुलवून बसते, शेपूट पाडते, पुन्हा पुन्हा जोर करते. बाळाच्या अंघोळीइतक्या कोमट पाण्यात तिचं मागचं अंग 15 ते 20 मिनिटं बुडवून धरा, पुसून कोरडी करा, अंधाऱ्या उबदार खोक्यात ठेवा. पोट दाबू नका. आत अंडं फुटलं तर कवचाच्या कडांनी नलिका फाटते. तीन-चार तासांत अंडं आलं नाही तर दवाखाना गाठा, किंवा फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी 1962 वर फोन करा.

अंडी घटली आणि त्याच दोन दिवसांत कोंबड्या अचानक मरू लागल्या, तुरे निळे पडले, डोकी सुजली, तर हा अंड्यांचा प्रश्न राहत नाही, बर्ड फ्लूची शंका घ्या. ठाणे जिल्ह्यात, शहापूर तालुक्यातल्या वेहळोलीत फेब्रुवारी 2022 मध्ये तो निघाला होता. मेलेल्या पक्ष्यांना उघड्या हाताने शिवू नका, उरलेले विकू किंवा कापू नका, आणि त्याच दिवशी सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.