मुलांच्या प्रश्नावरून तास कसा उभा करावा

जिज्ञासेवर आधारलेला तास घ्यायचा असेल, तर शिक्षकाने सर्वांत आधी उत्तर देण्याची घाई आवरली पाहिजे. अमेरिकी शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात वर्गांचे निरीक्षण करून दाखवले की प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबतात. तीन सेकंद थांबले, तर मुलांची उत्तरे सविस्तर होतात आणि त्यांचे स्वतःचे प्रश्नही वाढतात.

सोलापुरात विषयासाठी लांब जावे लागत नाही. पूर्व भागातल्या कित्येक मुलांना यंत्रमागाची खडखड घरातूनच ओळखीची असते. सहावी-सातवीच्या वर्गात टेबलावर टॉवेल आणि चादर पसरावी, दोन्हींवर थोडे पाणी टाकावे आणि काही न सांगता मुलांना पाहू द्यावे. जे प्रश्न येतील ते मुलांच्याच शब्दांत फळ्यावर लिहावेत. एखादा तेलुगू किंवा कन्नडमध्ये आला, तर वर्गमित्राकडून तो मराठीत सांगून घ्यावा, कारण घरच्या भाषेत सुचलेला प्रश्न बहुधा अधिक खरा असतो.

‘टॉवेल जास्त पाणी का पितो?’ हा प्रश्न चांगला असला, तरी तो तपासता येईल असा करावा लागतो: दोन सेंटिमीटर रुंदीच्या पट्ट्यांचे टोक एक सेंटिमीटर पाण्यात बुडवले, तर पाच मिनिटांत पाणी कोणत्या पट्टीत जास्त चढते? प्रयोगापूर्वी प्रत्येकाने आपला अंदाज कारणासह वहीत लिहावा. काय काय सारखे ठेवायचे, यावर मुलांना मनसोक्त वाद घालू द्यावा. एखाद्या गटाच्या कोऱ्या टॉवेलात पाणी फारसे चढले नाही, तर प्रयोग फसला असे म्हणू नये. ‘सगळे टॉवेल धुतलेले होते का?’ एवढेच विचारावे. नव्या कापडावरची प्रक्रिया पाणी अडवू शकते, हे मुले धुतलेली पट्टी घेऊन स्वतः पडताळतील. पाणी चढण्याची उंची आणि एकूण शोषलेले पाणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही तेव्हाच लक्षात आणून द्यावे.

शिक्षकाने काहीच सांगू नये, हे मत मला मान्य नाही. केशाकर्षण, म्हणजे बारीक फटींतून पाणी आपोआप वर चढणे, ही संज्ञा मुले स्वतः शोधून काढणार नाहीत. टॉवेलच्या धाग्यांच्या वेटोळ्यांमुळे पाण्याला अधिक पृष्ठभाग मिळतो, हेही निरीक्षणानंतर नीट समजावून द्यावे. यासाठी सलग दोन तासिका राखून ठेवाव्यात आणि वही तपासताना अंदाज बरोबर आला की नाही यापेक्षा तो कोणत्या पुराव्यावरून बदलला, ते पाहावे.