सगळीकडेच 'भिजत घोंगडं' घालू नका, या चुका टाळा

काम पुढे सरकेना म्हटलं की न्यूज चॅनेलपासून सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपपर्यंत सगळे सरसकट 'भिजत घोंगडं' ठोकून देतात, आणि बरेचदा ते भलत्याच जागी पडतं.

आधी घोंगडं बघा. मेंढीच्या लोकरीचं, हातमागावर विणलेलं, चिंचोक्याची खळ दिलेलं जाडजूड प्रकरण. लोकर पाणी पिते, त्यामुळे भिजवलं की ते एवढं जड होतं की उचलून पिळायचा सगळ्यांनाच कंटाळा, मग राहू दे, उद्या बघू, आणि तोवर ना ते अंगावर घेता येतं ना वाळत घालता येतं. म्हणजे यात नुसता उशीर नाहीये, कुणीतरी निकाल लावायचा तो न लावता तसंच ठेवलंय हे महत्त्वाचं.

म्हणून मुंबई-गोवा हायवेला हे लावू नका. चौपदरीकरणाचं काम 2011 ला सुरू झालं, निर्णय कधीच झालेला, ते काम 'रखडलं' (कोकणात गणपतीला जाणाऱ्यांकडे याहून कडक शब्द आहेत, ते इथे नकोत). उलट बेळगावचा सीमाप्रश्न घ्या, 1956 ची राज्य पुनर्रचना, मग 1967 चा महाजन आयोगाचा अहवाल जो महाराष्ट्राने मानलाच नाही, मग 2004 ला सुप्रीम कोर्टात दावा आणि निकाल अजून नाही. हे अस्सल भिजत घोंगडं.

'भिजलेलं घोंगडं' पण लिहू नका. भिजणं अजून चालूच आहे, म्हणून 'भिजत'.

'ये रे माझ्या मागल्या' तर हल्ली कुठेही घुसवतात. पुढचं 'ताक-कण्या चांगल्या' लोक विसरले त्यामुळे हे होतं. चार दिवस चांगलंचुंगलं करून माणूस परत ताक-कण्यांवर आला, असा तो मामला आहे, म्हणजे आधी थोडी तरी सुधारणा झालेली पाहिजे. जिम लावली, महिनाभर गेला, परत रोज वडापाव, तिथे म्हणा. जे कधी हललंच नाही त्याला नाही.

कोर्टाचं 'जैसे थे' वेगळं, तो आदेश असतो, निकालापर्यंत दोघांनीही आहे ती परिस्थिती बदलायची नाही. कामचुकारपणाशी त्याचा काही संबंध नाही.

गुऱ्हाळ फक्त चर्चेचं, रस्त्याचं किंवा पुलाचं नाही. आणि 'खीळ' बसते ती चालू असलेल्या गोष्टीला, लिहिताना 'खी' दीर्घ, 'खिळ' नको.