जेनोआत कॅमेरा घेऊन उतरलात तर

जहाजाच्या बेकरीत काम करणाऱ्याची पाळी रात्री दहाला सुरू होते आणि न्याहारीचा शेवटचा ट्रे वर गेला की संपते. दोन हंगाम आमचं क्रूझ जहाज दर आठवड्याला इटलीतल्या जेनोआ बंदराला लागायचं. बरेच प्रवासी धक्क्यावरूनच बसमध्ये बसून पोर्तोफिनो किंवा मिलान गाठायचे. ज्या गावात पाय ठेवला, ते बघायला फार थोडे थांबायचे. मी झोप मागे ठेवून साडेनऊला खाली उतरायचो आणि दीडच्या आत पुन्हा गँगवेवर, म्हणजे जहाजाच्या शिडीवर, हजर. चार तास, दर आठवड्याला, तेच शहर. पुढे एका हिवाळ्यात जहाज तिथल्याच गोदीत तीन आठवडे दुरुस्तीला होतं, तेव्हा संध्याकाळच्या वेळाही हाताशी आल्या.

पहिले चार-पाच आठवडे माझे फोटो वाया गेले. मी नकाशा बघून फिरत होतो, आणि जेनोआ नकाशावर सापडत नाही, कारण ते उभं शहर आहे. समुद्र आणि डोंगर यांच्यामध्ये सपाट जमीन जेमतेम. म्हणून जुन्या गावातली घरं सहा-सहा, सात-सात मजली आणि दोन घरांमधली गल्ली कधी कधी हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतील इतकीच. या गल्ल्यांना तिथे ‘कारुज्जी’ म्हणतात. इथे जागा शोधायची म्हणजे दोनच गोष्टी विचारायच्या: ऊन आत्ता कितव्या मजल्यावर आहे, आणि मी कितव्या?

फोटोवाल्यांना शिकवलेलं असतं की दुपारचं ऊन टाळा. कारुज्जींमध्ये ते विसरा. सकाळी दहाला ऊन फक्त वरच्या दोन मजल्यांवर असतं, खाली निळसर सावली. अकराच्या सुमारास ते भिंतीवरून खाली सरकायला लागतं, आणि माथ्यावर सूर्य आला की काही मिनिटांसाठी एक पट्टा थेट फरसबंदीपर्यंत पोचतो. वाळत घातलेली चादर त्या पट्ट्यात आली तर तिच्यातून झिरपलेला उजेड अख्ख्या गल्लीला रंग देतो. उत्तर-दक्षिण जाणारी गल्ली निवडा, साडेअकरालाच तिथे उभे राहा आणि वाट बघा. (इटलीत उन्हाळी घड्याळ एक तास पुढे असतं, त्यामुळे एप्रिल ते ऑक्टोबर हा पट्टा दीडच्या आसपास येतो. माझ्या किनाऱ्यावर उतरायच्या पासची वेळ संपता संपता. वसंतात आणि शरदात मी सगळं बाकीचं सोडून धक्क्याजवळच्या गल्ल्यांतच थांबायचो ते यासाठी.)

फोनवर काढत असाल तर स्क्रीनवर उजेडाच्या भागावर बोट ठेवा आणि उजेड कमी करा. भिंती काळ्या पडल्या तरी चालेल. या गल्ल्या काळोख्याच आहेत, त्यांना उजळ करून दाखवलं की त्यांचं काहीच उरत नाही. कॅमेऱ्याला २४ किंवा २८ मिमीची, रुंद दाखवणारी लेन्स पुरते. ट्रायपॉड नेऊ नका. तिथून हातगाड्या जातात, म्हातारी माणसं पिशव्या घेऊन चढत असतात, वाट अडवू नये.

मान वर करायची सवय लावा. कोपऱ्याकोपऱ्यावर पहिल्या मजल्याच्या उंचीला संगमरवरी देवळ्या दिसतील, आत मदोन्ना, म्हणजे येशूची आई मारिया. तिथले लोक त्यांना ‘मदोन्नेत्ते’ म्हणतात. एके काळी त्यांच्यापुढच्या दिव्यांनीच या गल्ल्यांना रात्रीचा उजेड मिळायचा. देवळी, तिच्याखालची दुकानाची पाटी आणि वरची आकाशाची चिंधी, तिन्ही एका उभ्या चौकटीत बसतात. आडवे फोटो या गावात मी फार कमी काढले.

मग खोट्या खिडक्या. लिगुरिया या इथल्या प्रांताची ही जुनी रीत: सपाट भिंतीवर खिडकी, झडपा, दगडी कोरीवकाम, सगळं रंगानं काढायचं, सावलीसकट. रंगवलेल्या सावल्यांची बाजू ठरलेली असते. खऱ्या उन्हाची बाजू तिच्याशी जुळली की भिंत खरी वाटते; उलटी असली की चोरी उघडी पडते. मला ही दुसरी वेळ जास्त आवडते. एकाच भिंतीचे सकाळी आणि दुपारी असे दोन फोटो शेजारी ठेवून बघा. सगळ्यात मोठा नमुना म्हणजे बंदरासमोरचा पालात्सो सान जॉर्जो. इमारत १२६० ची, तिच्या समुद्राकडच्या भिंतीवर स्तंभ, कोनाडे आणि पुतळे, सगळे रंगवलेले. ही भिंत पश्चिमेकडे तोंड करून आहे, म्हणून दुपारनंतर जा. समोरून उंचावरचा मोटाररस्ता जातो. त्याला टाळायचा मी खूप प्रयत्न केला आणि शेवटी सोडून दिला. त्याच्या खांबांमधून भिंत दाखवली तर बंदराचं गाव अधिक खरं दिसतं.

तिथूनच सोत्तोरीपाच्या कमानी सुरू होतात. मध्ययुगातल्या या कमानींखाली आजही तळलेल्या माशांची दुकानं आहेत. संध्याकाळचं तिरकं ऊन कमानींमधून आत येतं तेव्हा कढईवरची वाफ त्यात दिसते. आधी काही विकत घ्या, उभ्या उभ्या खा, मग कॅमेरा दाखवून ‘पोस्सो?’ विचारा. म्हणजे, ‘काढू का?’ तळणाऱ्यांपैकी मला एकानेही नाही म्हटलं नाही. पण व्हिया प्रे आणि मादालेना भागातल्या काही गल्ल्यांत दारात बायका गिऱ्हाइकांची वाट बघत बसलेल्या असतात. तिथे कॅमेरा पिशवीत ठेवायचा. दुरून नाही, कंबरेवरून नाही, पाठमोराही नाही. हे मी नियम म्हणून पाळलं आणि तुम्हीही पाळा अशी मनापासून विनंती आहे.

काळा-पांढरा हा जेनोआचा दुसरा धागा. सान लोरेन्त्सो कथेड्रलची दर्शनी भिंत काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची आहे, तीही पश्चिमाभिमुख. पायऱ्यांवरचे दगडी सिंह सगळेच टिपतात. तुम्ही भिंतीच्या उजव्या अंगाला कोरलेलं झोपलेलं छोटं कुत्रं शोधा. सापडायला मला तीन आठवडे लागले. आत उजव्या बाजूला एक न फुटलेला तोफगोळा ठेवला आहे. ९ फेब्रुवारी १९४१ रोजी ब्रिटिश आरमाराने शहरावर मारा केला तेव्हा तो भिंत फोडून आत आला आणि फुटला नाही. प्रार्थना चालू असेल तर कॅमेरा बंद, बाकी वेळी फ्लॅश नाही. तसेच पट्टे सान मात्तेओच्या चौकात आहेत, दोरिया घराण्याच्या चर्चवर, आणि तिथे गर्दी नसते. पायाखाली बघायचं तर काम्पो पिसानो गाठा: रंगीत उंच घरांच्या मधोमध लहान चौक, जमिनीवर समुद्रातल्या काळ्या-पांढऱ्या गोट्यांची नक्षी, तिला ‘रिसेउ’ म्हणतात. १२८४ च्या मेलोरियाच्या लढाईनंतर पिसाचे कैदी इथे ठेवले होते, त्यावरून हे नाव. पाऊस पडून गेल्यावर जा. ओल्या गोट्यांचा काळा रंग खरा काळा होतो.

व्हिया गारिबाल्दीवरचे महाल जगप्रसिद्ध आहेत, २००६ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेले. पण रस्ता इतका अरुंद की समोर उभं राहून महाल चौकटीत मावतच नाही. प्रयत्न करू नका. उघड्या दारांतून अंगणं बघा, आणि तिकीट काढून त्यांतल्याच पालात्सो रोस्सो या महालाच्या गच्चीवर चढा.

आता वर जायची गोष्ट, आणि ही सगळ्यात सोपी. या शहरात लिफ्ट आणि डोंगरी रेल्वे हीसुद्धा सार्वजनिक वाहतूकच आहे. माझी युक्ती एकच: यंत्राने वर, पायी खाली. उतरताना विटा आणि दगडांच्या उभ्या पायवाटा लागतात, ‘क्रेउझा’. मधे तांबड्या विटांचा पट्टा, दोन्ही बाजूंना बागांच्या भिंती, आणि टोकाला समुद्राचा तुकडा. यापेक्षा सोपी चौकट कुठे मिळणार?

पोर्तेल्लो चौकातून फरशा लावलेल्या लांब भुयारातून आत गेलात की कास्तेल्लेत्तोची लिफ्ट लागते, १९०९ ची. भुयाराचाही फोटो काढा, पलीकडून एखादा माणूस चालत येईपर्यंत थांबून. वर लोखंड-काचेचं देखणं टोक आणि समोर अख्खं जुनं गाव. छपरं करडी दिसतात, कारण ती पाटीच्या दगडाची आहेत. हा दगड शेजारच्या लावान्या भागातला, आणि इटालियनमध्ये शाळेच्या फळ्यालाही ‘लावान्या’च म्हणतात. इथे ८५ मिमी किंवा त्याहून लांबची लेन्स लावा, छपरं एकमेकांवर चढल्यासारखी दिसतात. नैर्ऋत्येला लान्तेर्ना, म्हणजे दीपस्तंभ. १५४३ मध्ये पुन्हा बांधलेला, ७७ मीटर उंच, आणि अजून चालू. हिवाळ्यात सूर्य साधारण त्याच अंगाला, पाचच्या आत मावळतो. उन्हाळ्यात तो वायव्येला डोंगरामागे, नऊच्या पुढे जातो, म्हणजे दीपस्तंभासह सूर्यास्त हवा असेल तर डिसेंबर-जानेवारी. सूर्य गेल्यावर लगेच उतरू नका. वीस-पंचवीस मिनिटांनी आकाश गडद निळं होतं, खिडक्या पेटतात आणि दीपस्तंभाचा झोत दिसायला लागतो. कठड्यावर कॅमेरा टेकवून दहा सेकंदांचं एक्सपोजर द्या. गोदीतल्या तीन आठवड्यांत मी इथे अकरा वेळा आलो.

स्टेशनजवळ उतरला असाल तर व्हिया बाल्बीवरची मोन्तेगाल्लेत्तोची लिफ्ट घ्या. तिचा डबा आधी डोंगराच्या पोटात आडवा धावतो, मग त्याच डब्यानिशी सरळ वर उचलला जातो. वर कॅप्टन दाल्बेर्तिसचा किल्लेवजा बंगला आहे. या दर्यावर्दी माणसाला सूर्यघड्याळांचं वेड होतं. खाली येताना त्रुओगोली दि सांता ब्रिजिदाला थांबा. तिथे धुणं धुवायचे जुने दगडी हौद आहेत, आणि वरच्या खिडक्यांतून आजचे कपडे लोंबत असतात.

एक सकाळ स्तालियेनोला द्या. ती दफनभूमी आहे, १८५१ मध्ये उघडली. लांबच लांब ओवऱ्यांत संगमरवरी माणसं उभी आहेत. उजेड एकाच बाजूने येतो, मऊ, आणि दीडशे वर्षांची धूळ कपड्यांच्या चुण्यांत बसल्याने प्रत्येक घडी पेन्सिलीने ओढल्यासारखी उठून दिसते. ढगाळ दिवस निवडा. तिथे कातेरिना काम्पोदोनिको शोधा. ही बाई जत्रांमधून हेझलनट आणि गोड पावाची कडी विकायची. आयुष्यभर साठवलेल्या पैशातून तिने स्वतःचा पुतळा घडवून घेतला, १८८१ मध्ये. श्रीमंतांच्या रांगेत ती हातात हेझलनटच्या माळा आणि कडी घेऊन उभी आहे, शालीची झालर न झालर कोरलेली. पीठ मळणाऱ्या माणसाला तिच्यासमोरून हलवत नाही. मी तिचा चेहरा नाही, हातच जास्त वेळा काढले. एक विनंती: ताजी फुलं असलेल्या कबरींकडे लेन्स वळवू नका, तिथे अजून लोक येतात.

बोक्कादास्सेचा फोटो तुम्ही कुठेतरी पाहिलेलाच असेल. पूर्वेकडचा कोळीवाडा, गोट्यांचा लहान किनारा, पिवळी-गुलाबी घरं, उपड्या घातलेल्या होड्या. कोर्सो इताल्या या समुद्रकाठच्या रस्त्याने अडीच किलोमीटर चालत जा, संध्याकाळचं ऊन घरांच्या तोंडावर असताना पोचा. सगळे वरून काढतात, तुम्ही पाण्याच्या कडेला खाली बसा. पहाट हवी असेल तर लोकलने नेर्वीला जा. खडकांवरून जाणारी तिथली दोन किलोमीटरची पायवाट सकाळी रिकामी असते.

हवामानाबद्दल एक जेनोवी शब्द लक्षात ठेवा: ‘मकाया’. दक्षिणेचा दमट वारा, खाली आलेले ढग, समुद्र आणि आकाश एकाच राखी रंगाचे. तिथले लोक त्या दिवशी कंटाळलेले असतात. रंगवलेल्या भिंती, स्तालियेनो आणि बंदरातल्या क्रेन यांच्यासाठी तोच उत्तम दिवस. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मात्र पाऊस धोकादायक होऊ शकतो, या शहराने २०११ आणि २०१४ मध्ये जीवघेणे पूर पाहिले आहेत. हवामानाचा तांबडा इशारा असेल तर खोलीतच थांबा.

पोटासाठी सकाळी फोकाच्च्या, म्हणजे तेल-मिठाचा चपटा पाव, घ्या. जेनोआचे लोक ती कपुचिनोत बुडवून खातात; मिठाची आणि तेलाची चव दुधात उतरते. बेकरीच्या काचेवर वाफ धरलेली असते तेव्हा, आठच्या आत, बाहेरून आतला उजेड टिपा.

निघताना रेल्वेऐवजी सार्डिनियाची किंवा सिसिलीची रात्रीची फेरी मिळत असेल तर ती घ्या आणि मागच्या डेकवर जागा धरा. बंदराच्या तोंडाकडे जाताना घरांचे थर एकामागून एक उलगडतात. आधी कमानी, मग पाटीची छपरं, मग कास्तेल्लेत्तोचे दिवे, त्याहून वर डोंगरावरचे. डेक इंजिनाने थरथरत असतो, म्हणून कठड्याला टेकू नका. कोपर अंगाशी धरा, आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपायची क्षमता) वाढवा आणि शटरचा वेग १/२५० सेकंदाच्या खाली नेऊ नका.