माशांच्या संग्रहालयीन नोंदी करताना या चुका टाळा

मुळा-मुठेच्या माशांच्या जुन्या नोंदी संगणकावर चढवणारी नवखी मंडळी नमुन्याच्या बरणीतल्या चिठ्ठीवरचा मजकूर उतरवण्याआधीच तो सुधारू लागतात, आणि सर्वाधिक नुकसान यामुळेच होते. चिठ्ठीवर नुसते ‘पुणे’ असते. घाईत असलेला माणूस नकाशावर शहराच्या मधोमध टिचकी मारून मिळालेले अक्षांश-रेखांश चार दशांश स्थळांपर्यंत भरून मोकळा होतो. वास्तविक मुळा आणि मुठा पुण्यातील संगमावर एकत्र येतात, मुळा-मुठा हे नाव त्याखालच्या प्रवाहाचे आहे, आणि खडकवासल्याजवळ धरलेला मासा निव्वळ मुठेचा असतो.

एका बरणीवर ‘शिंगाळा, पुणे’ एवढेच लिहिलेले होते; शिंगाळा म्हणजे मिशा असलेला, बिनखवल्यांचा मासा. नोंद करणाऱ्याने ती संगमाच्या नावावर टाकली आणि तिथून ती नदीच्या मत्स्ययादीत गेली. शंका आली म्हणून मी संग्राहकाची मूळ वही काढली, तेव्हा त्या क्रमांकासमोर पुसट शिसपेनीने लिहिलेले सापडले: ‘मासळी बाजारातून विकत’. पुण्याच्या बाजारात उजनी जलाशयाचाही मासा येतो. तो नमुना नेमका कुठला, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. तेव्हापासून मी दोन रकाने ठेवतो. पहिल्यात चिठ्ठीवरचा मजकूर अशुद्धलेखनासह जसाच्या तसा, दुसऱ्यात माझा अंदाज आणि तो किती किलोमीटरने चुकू शकतो हे. बाजारातल्या माशाला अक्षांश-रेखांश देतच नाही.

नावांचीही हीच गत होते. ब्रिटिश लष्करी अधिकारी व निसर्ग अभ्यासक कर्नल साइक्स यांनी 1839 मध्ये दख्खनच्या माशांना शास्त्रीय नावे देताना बऱ्याचदा स्थानिक नावांचा आधार घेतला. शिंगाळ्याचे ‘सीनघाला’ हे जातीचे नाव आजही टिकून आहे, पण त्याआधी लागणारे प्रजातीचे (जीनसचे) नाव बदलत आज ‘स्पेराटा’ झाले आहे. 2012 मध्ये ‘पुंटियस’ या छोट्या माशांच्या प्रजातीमधून ‘पेथिया’ ही प्रजाती वेगळी झाली, तेव्हा अनेकांनी बरणी न उघडताच ‘पुंटियस टिक्टो’ पुसून ‘पेथिया टिक्टो’ लिहिले. आत दुसरीच पेथिया असेल तर जुनी चूक नव्या नावाने पक्की होते, म्हणून हा आळस मला मुळीच खपत नाही. जुने नाव राहू द्यावे, आणि खाली नवे नाव, ते कोणी व कधी दिले, नमुना प्रत्यक्ष पाहिला की नाही, हे लिहावे.

बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये उतरते, म्हणून शिसपेनीने लिहिलेली चिठ्ठी बरणीच्या आत ठेवावी. ‘3/7’ म्हणजे जुलै की मार्च हा वाद नको असेल तर महिना अक्षरांत लिहावा. डीएनए तपासणीसाठी मांसाचा तुकडा मासा फॉर्मॅलिनमध्ये, म्हणजे तो टिकवण्याच्या द्रावणात, टाकण्यापूर्वीच काढावा. प्रमाणित लांबीत, म्हणजे तोंडाच्या टोकापासून शेपटीच्या मुळापर्यंतच्या मापात, शेपटीचा पर धरू नये. चिठ्ठीवर सात मासे आणि बरणीत सहा असतील, तर दोन्ही आकडे मोजल्याच्या तारखेसह लिहावेत.