जुन्या गाडीच्या स्टीरिओला ब्लूटूथ जोडताय? या चुका टाळा

जुन्या गाडीतला कंपनीचा स्टीरिओ बहुधा ठणठणीत असतो. बटणं हाताखालची झालेली असतात, डॅशबोर्डात तो चपखल बसलेला असतो, आवाजही बरा असतो. नसतं ते फक्त ब्लूटूथ. म्हणून एखादी स्वस्तशी डबी मागवली जाते आणि मग तक्रारी सुरू होतात: शिट्टी येते, खरखर होते, आवाज बारीक येतो, सकाळी गाडीच सुरू होत नाही. खापर फुटतं ब्लूटूथच्या डोक्यावर. पण ब्लूटूथचं काम फोनपासून त्या डबीपर्यंतच असतं आणि तेवढं ते सहसा नीट करतं. घोळ होतो त्याच्या पुढे. डबीतला आवाज स्टीरिओत कोणत्या वाटेने शिरतो आणि डबीला वीज कुठून मिळते, या दोन प्रश्नांतच जवळजवळ सगळ्या तक्रारींचं मूळ सापडतं.

स्टीरिओ न पाहताच खरेदी

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. आधी स्टीरिओकडे नीट बघा. ३.५ मिलिमीटरचा ऑक्स जॅक, म्हणजे बाहेरचा आवाज वायरने आत घेणारं भोक, समोर दिसत नसेल तर ग्लोव्ह बॉक्स, हातटेकूखालचा कप्पा आणि गिअरजवळची जागा तपासा. ऑक्सचं बटण आहे पण भोक कुठेच नाही, असंही असतं. तेव्हा ती जोडणी बहुधा स्टीरिओच्या पाठीमागे असते. ऑक्स सापडला तर पुढचा विचार करूच नका. साधा ब्लूटूथ रिसीव्हर, म्हणजे वर म्हटलेली डबी, आणि एक आखूड वायर, एवढ्यात काम होतं.

यूएसबी पोर्ट दिसला की लोक खूश होतात, तिथे जरा थांबा. जुन्या स्टीरिओचा यूएसबी पोर्ट पेन ड्राइव्हवरच्या फाइल वाचतो; बाहेरून सलग येणारा आवाज त्याला कळत नाही. यूएसबीचं टोक असलेले बहुतेक रिसीव्हर त्या पोर्टातून फक्त वीज घेतात आणि आवाज द्यायला त्यांना वेगळी ऑक्सची वायर लागते. आपण पेन ड्राइव्ह आहोत असं भासवणारे काही रिसीव्हर मिळतात, पण ते प्रत्येक स्टीरिओशी जमवून घेतीलच असं नाही. परत करता येत असेल तरच घ्या.

सीडी चेंजरचं, म्हणजे अनेक सीडी बदलून वाजवणाऱ्या जोडयंत्राचं, बटण असेल तर ती वाट उत्तम आहे, कारण आवाज वायरनेच आत जातो. इथली ठरलेली चूक म्हणजे चेंजरच्या सॉकेटातल्या डाव्या-उजव्या पिनांवर सरळ ऑक्सची वायर जोडणं. स्टीरिओ आधी डेटाच्या तारेवरून चेंजर आहे का ते विचारतो. उत्तर आलं नाही तर तो त्या सोर्सवर जातच नाही. म्हणून चेंजरची बतावणी करणारा ॲडॉप्टर लागतो, आणि तो निवडायचा गाडीच्या नावावरून नव्हे, स्टीरिओच्या लेबलवरच्या मॉडेल नंबरावरून. एकाच गाडीत, एकाच वर्षी, दोन वेगळ्या कंपन्यांचे स्टीरिओ बसवलेले असू शकतात. काही स्टीरिओंत तर मागची ऑक्स जोडणी गॅरेजमधल्या डायग्नोस्टिक यंत्राने आधी सुरू करून घ्यावी लागते. तोवर सगळं बिनचूक जोडूनही आवाज येत नाही आणि माणूस वायरी तपासत बसतो.

कॅसेट असेल तर कॅसेट ॲडॉप्टरला नाक मुरडू नका. एफएम ट्रान्समीटरपेक्षा, म्हणजे गाणं रेडिओलहरींवरून स्टीरिओला पाठवणाऱ्या डबीपेक्षा, तो कितीतरी बरा. कॅसेटमध्येच ब्लूटूथ असलेले प्रकार येतात, पण त्यांची बॅटरी चार्ज करायला कॅसेट दर वेळी बाहेर काढावी लागते. त्यापेक्षा वायरवाली कॅसेट आणि वेगळा रिसीव्हर घ्या. डॉल्बीचं बटण बंद ठेवा, नाहीतर वरचे सूर दबून आवाज गोधडीतून आल्यासारखा येतो. कॅसेट सारखी बाजू बदलत असेल किंवा बाहेर फेकली जात असेल, तर टेप संपली असं डेकला वाटतंय: ॲडॉप्टरच्या आतली चाकं अडकून फिरत नसतात, किंवा ते मॉडेल त्या डेकशी जुळत नसतं.

एफएम ट्रान्समीटरकडून जास्त अपेक्षा

दुसरा काहीच मार्ग नसेल तेव्हाच एफएम ट्रान्समीटर, असं माझं स्पष्ट मत आहे. एफएम प्रसारणात आवाजाची वरची मर्यादा साधारण १५ किलोहर्ट्झ असते आणि मागे सूं-सूं थोडीफार राहतेच. त्यामुळे ॲप्ट-एक्ससारख्या भारी कोडेकसाठी (ब्लूटूथवर आवाज दाबून पाठवायच्या पद्धतीसाठी) ट्रान्समीटरवर जादा पैसे घालण्यात अर्थ नाही. फोनपासून डबीपर्यंत जे वाचलं ते पुढे एफएमच्या गाळणीत अडकणारच.

घ्यायचाच असेल तर फ्रीक्वेन्सी निवडताना घाई करू नका. नुसती रिकामी जागा पुरत नाही, तिच्या शेजारच्या ०.२ मेगाहर्ट्झवरही दोन्ही बाजूंना स्टेशन नको. प्रवासात पन्नास-शंभर किलोमीटरवर हवेतली स्टेशनं बदलतात, म्हणून दोन-तीन रिकाम्या जागा आधीच शोधून स्टीरिओच्या प्रीसेटवर टाकून ठेवा. स्टीरिओमध्ये आरडीएस (स्टेशनबरोबर येणारी माहिती वाचायची सोय) असेल तर त्यातलं एएफ आणि टीए बंद करा. एएफ चालू असेल तर रेडिओ आपणहून दुसऱ्या फ्रीक्वेन्सीकडे धाव घेऊ शकतो. टीए चालू असेल तर वाहतुकीची सूचना गाणं तोडून मध्येच घुसते.

जपानच्या बाजारासाठी बनलेली वापरलेली गाडी असेल तर आणखी एक अडचण. तिथला एफएम पट्टा ७६ मेगाहर्ट्झपासून सुरू होतो आणि जुन्या स्टीरिओंत ९० ला संपतो. ट्रान्समीटर मात्र साधारणतः ८७.५ ते १०८ मध्ये चालतात. दोघांची गाठ पडते ती ८७.५ ते ९० एवढ्याच अरुंद पट्टीत.

स्टीरिओ बाहेर काढायची तयारी असेल तर वायरवाला एफएम मॉड्युलेटर घ्या. तो अँटेनाच्या वायरमध्ये मध्येच बसतो आणि चालू असताना बाहेरचं स्टेशन तोडतो, त्यामुळे रस्त्यावरची ढवळाढवळ जवळजवळ थांबते.

शिट्टी ऐकून रिसीव्हर बदलणं

ॲक्सिलरेटर दाबला की चढणारी आणि सोडला की उतरणारी बारीक शिट्टी ही या कामातली सगळ्यात सामान्य तक्रार. लोक त्यावर दुसरा रिसीव्हर आणतात, मग तिसरा. शिट्टी तशीच.

ती येते ऑल्टरनेटरकडून, म्हणजे इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राकडून. रिसीव्हरचा चार्जर लायटरच्या सॉकेटातून अर्थ (गाडीच्या पत्र्याला जोडलेली निगेटिव्ह बाजू) घेतो, स्टीरिओ स्वतःच्या वायरमधून. गाडीच्या पत्र्यावरच्या या दोन ठिकाणांत काही मिलिव्होल्टांचा फरक असतो आणि ऑक्सच्या वायरचा अर्थ ती दोन्ही जोडून एक वळसा पूर्ण करतो. ऑक्सवरचा सिग्नल एखाद्या व्होल्टाचा किंवा त्याहूनही कमी असतो, त्यामुळे एवढासा फरकही कानाला जाणवतो.

तपासणी सोपी आहे. इंजिन चालू ठेवा, गाणं थांबवा आणि चार्जर सॉकेटातून उपसा. रिसीव्हर स्वतःच्या बॅटरीवर किंवा पॉवर बँकेवर चालू द्या. शिट्टी गेली तर अर्थचा वळसा नक्की. गेली नाही तर ऑक्सचा प्लग काढा. आता गेली, तर ती वायरच कुठेतरी जाड तारांच्या शेजारून जाते आहे. प्लग काढूनही शिट्टी राहिली तर रिसीव्हर निर्दोष आहे, दोष स्टीरिओचा किंवा त्याच्या वायरिंगचा. व्हॉल्यूम शून्यावर असतानाही ती तेवढीच येत असेल तर गडबड व्हॉल्यूमच्या पुढे, म्हणजे ॲम्प्लिफायर किंवा स्पीकरच्या बाजूला शोधा.

वळशावर उपाय दोन. ग्राउंड लूप आयसोलेटर आवाजाच्या वायरमध्ये बसतो. त्यात प्रत्येक बाजूसाठी एक छोटा ट्रान्सफॉर्मर असतो. शिट्टी बंद होते, पण फार स्वस्त आयसोलेटरचा गाभा इवलासा असल्याने खालचे सूर, म्हणजे बास, पातळ होतात. दुसरा उपाय विजेच्या बाजूने: रिसीव्हरला आयसोलेटेड डीसी-डीसी कन्व्हर्टरमधून, म्हणजे आतली आणि बाहेरची बाजू एकमेकींपासून तोडलेल्या कन्व्हर्टरमधून, ५ व्होल्ट द्यायचे. यात आवाजाला हातच लागत नाही, म्हणून मला हा जास्त पटतो. मात्र साध्या बक कन्व्हर्टरने हे साधत नाही, कारण त्याची आत येणारी आणि बाहेर जाणारी निगेटिव्ह एकच असते.

इंजिनच्या वेगाशी संबंध नसलेली टिक-टिक किंवा किर्रर्र आली तर बहुधा निकृष्ट चार्जर दोषी असतो. चार्जर बदलून बघा, मग पुढचं.

आणखी एक फसवं लक्षण सांगतो. गाणं लागतं, वाद्यं पोकळ ऐकू येतात आणि गाणाऱ्याचा आवाज मात्र जवळजवळ गायब. हा ब्लूटूथचा किंवा फाइलचा दोष नाही. जॅकचा अर्थ लागलेला नाही. अर्थ तुटला की दोन्ही बाजूंमधला फक्त फरक स्पीकरपर्यंत पोहोचतो, आणि गाणाऱ्याचा आवाज दोन्हीकडे सारखाच असल्याने तो कटतो. प्लग पूर्ण आत गेलाय का ते बघा. माइकसाठी चौथा भाग असलेली वायर वापरत असाल तर तीन भागांची साधी वायर लावा. काही गाड्यांच्या ऑक्समध्ये व्हिडिओसाठी चौथा संपर्क असतो आणि त्याची मांडणी वेगळी असते, तिथे तर हा गोंधळ हमखास होतो.

आवाज चुकीच्या ठिकाणी वाढवणं

फोन अर्ध्यावर आणि स्टीरिओ टोकाला, असं ठेवलं की गाण्याबरोबर खरखरही मोठी होते. वर पुन्हा रेडिओकडे वळताच कानठळ्या बसतात. फोन आणि रिसीव्हर ८०-९० टक्क्यांवर ठेवा आणि रोजचा कमी-जास्त आवाज स्टीरिओच्या बटणावर करा. मोठ्या आवाजात फाटतंय असं वाटलं तर आधी फोन थोडा खाली आणा; बऱ्याच स्टीरिओंचा ऑक्स जोरदार सिग्नल झेलू शकत नाही.

बॅटरी गिळणारी जोडणी

काही गाड्यांचं लायटर सॉकेट चावी काढल्यावरही जिवंत असतं. रिसीव्हर आणि चार्जर मिळून ३० मिलिअँपिअर खात असतील तर दिवसाला सुमारे ०.७ अँपिअर-अवर जातात. ४० अँपिअर-अवरची बॅटरी असलेली गाडी चार आठवडे उभी राहिली तर त्यातले २० तिथेच संपले. रोज फिरणाऱ्या गाडीत हे कळत नाही, उभ्या गाडीत कळतं.

म्हणून वीज चावीसोबत चालू-बंद होणाऱ्या तारेवरून घ्या. स्टीरिओमागच्या आयएसओ १०४८७ पद्धतीच्या सॉकेटात ए४ या पिनेवर कायमचे १२ व्होल्ट, ए७ वर चावीचे आणि ए८ वर अर्थ असतो. पण काही गाड्यांत ४ आणि ७ ची अदलाबदल असते, आणि मूळ वायरिंगच्या रंगांचा तर काहीच भरवसा नाही. मल्टिमीटर लावून चावीच्या दोन्ही स्थितींत मोजा. तारेवर लहान फ्यूज टाका, आणि तो वीज घेतली त्या टोकाजवळ.

१२ व्होल्ट म्हणतो खरं, पण इंजिन चालू असताना तिथे १४ च्या वर असतात आणि मधूनमधून मोठे झटकेही येतात. ७८०५ सारख्या साध्या रेग्युलेटरवर ५ व्होल्ट काढले तर उरलेले नऊ-साडेनऊ व्होल्ट तो उष्णता करून टाकतो, ०.२ अँपिअरला जवळपास दोन वॉट. डॅशबोर्डाच्या मागे ते नको. गाडीसाठी बनवलेला चार्जरच वापरा.

आत लिथियम बॅटरी असलेला रिसीव्हर उन्हात डॅशबोर्डावर ठेवू नका, ती फुगते. कायमच्या जोडणीसाठी बॅटरी नसलेला, वीज आली की आपणहून सुरू होऊन फोनला जोडला जाणारा रिसीव्हर शोधा. दर वेळी बटण दाबावं लागणारा रिसीव्हर थोड्या दिवसांत कप्प्यात जाऊन पडतो. रिसीव्हर स्टीरिओच्या धातूच्या पिंजऱ्यामागे कोंबलात तर गाणं तुटक येईल. प्लॅस्टिकच्या आडोशाला ठेवा.

स्टीरिओ उघडणार असाल तर

बॅटरी सोडवण्याआधी रेडिओचा कोड हाताशी आहे का ते बघा. अनेक जुन्या स्टीरिओंना वीज तुटली की कोड लागतो आणि चुकीचा कोड वारंवार टाकला की ते कुलूपबंद होतात. डिस्प्ले बंद पडल्यावर कोड शोधायला लागणं फार वाईट.

आतल्या बोर्डावर ऑक्स काढताना दोन गोष्टी राहून जातात. टेपच्या किंवा सीडीच्या सिग्नलवर समांतर वायर डकवली की दोन्ही आउटपुट एकमेकांना दाबतात आणि आवाज बारीक किंवा विद्रूप होतो. मूळ सिग्नल स्विच असलेल्या जॅकने तोडावा लागतो. दुसरं, व्हॉल्यूमच्या चिपच्या इनपुटवर सहसा काही व्होल्ट डीसी असतो, तो अडवायला दोन्ही बाजूंना एकेक कपॅसिटर हवा. आणि स्पीकरच्या निगेटिव्ह तारेला अर्थ समजून काहीही जोडू नका. या स्टीरिओंत स्पीकरची दोन्ही टोकं ॲम्प्लिफायर चालवतो. त्यातलं एक पत्र्याला टेकलं की चिप जाऊ शकते.

स्टीरिओला मागून ऑप्टिकल फायबर आलेली दिसली, तर ते बहुधा मोस्ट नावाचं जाळं आहे. २००१ मध्ये बीएमडब्ल्यूच्या ७ सीरिजपासून ते महागड्या गाड्यांत येऊ लागलं. तिथे ॲम्प्लिफायरही त्याच फायबरवर असतो, त्यामुळे साधे ॲडॉप्टर चालत नाहीत. मोस्टसाठीच बनवलेला घ्यावा लागतो. ती फायबर तारेसारखी दुमडायचीही नसते.

सगळं जमलं, तरी फोनची सेटिंग राहिली

माइक नसलेल्या रिसीव्हरवर कॉल गेला तर समोरचा तुम्हाला ऐकू येतो, तुम्ही त्याला नाही. फोनमध्ये त्या रिसीव्हरच्या नावासमोर कॉलसाठीचा पर्याय दिसत असेल तर तो बंद करा आणि फक्त मीडिया चालू ठेवा. नकाशाची सूचना देताना पहिला शब्द गिळला जात असेल तर शांततेत रिसीव्हर झोपी जातोय; हळू आवाजात काहीतरी चालू ठेवलं की तो जागा राहतो. आणि काल जोडलेला फोन आज जोडला जात नसेल तर आधी बघा, मागच्या सीटवरच्या कुणाचा फोन त्याच्याआधी जोडला गेलाय का. तसं नसेल तर फोन आणि रिसीव्हर, दोन्हीकडची जुनी जोडी पुसून नव्याने जोडा. एकाच बाजूने पुसलेली जोडी पुन्हा अडते.