स्टिरिओ स्लाइडसाठी व्ह्यूअर निवडताना या चुका टाळा

स्टिरिओ स्लाइड म्हणजे एका चौकटीत शेजारी-शेजारी बसवलेली, प्रत्येक डोळ्यासाठी एक अशी दोन चित्रं; व्ह्यूअरमधून ती एकत्र पाहिली की दृश्याला खोली येते. अशी स्लाइड पाहताना डोकं दुखायला लागलं की आपण आधी स्लाइडलाच बोल लावतो. मीही लावला होता. हाती आलेल्या जुन्या व्ह्यूअरच्या काचा लखलखीत होत्या, दिवा लागत होता, चित्रही स्पष्ट दिसायचं; पण दहा मिनिटांत कपाळ ठणकायला लागायचं. माउंटिंग, म्हणजे चौकटीत चित्रं बसवणं, चुकलं असेल असं समजून मी तीस-चाळीस स्लाइड उघडून पुन्हा बसवल्या. अखेर दोष सापडला तो व्ह्यूअरमध्ये. उजवं भिंग आपल्या खाचेत केसभर खाली सरकलं होतं.

दोन्ही डोळे आत-बाहेर सहज वळतात, पण एक किंचित वर आणि दुसरा खाली ही कसरत त्यांना फार वेळ झेपत नाही. म्हणून व्ह्यूअर घेताना एका डोळ्याने स्पष्टपणा तपासून समाधान मानणं ही सगळ्यात मोठी चूक. दोन भिंगं एकमेकांशी जुळलेली आहेत का, हे आधी पाहा.

त्यासाठी आडवी रेघ असलेली स्लाइड घ्या; खिडकीची चौकट चालेल. आलटून पालटून एकेक डोळा मिटा. चित्र वर किंवा खाली उडी मारत असेल, तर स्लाइड बाहेर काढून पाठची बाजू पुढे करून घाला. दृश्य आरशातल्यासारखं दिसेल, पण जवळ-दूरची खोली तशीच राहील, कारण प्रत्येक चित्र उलटतं तसे चित्रांचे डोळेही बदलतात. आता उडीची दिशा उलटली तर दोष माउंटचा. तीच राहिली तर व्ह्यूअरचा. त्या तीस-चाळीस स्लाइड उघडण्याआधी मला एवढं माहीत असायला हवं होतं.

यावरून आणखी एक गैरसमज दूर होतो. दूरचा डोंगर पुढे आणि जवळचं झाड मागे दिसलं, की लोक स्लाइड फिरवून पाहत बसतात. स्लाइड पालथी घाला किंवा डोक्यावर उभी करा, खोली उलटत नाही. ती उलटते माउंटमध्ये डावं आणि उजवं चित्र अदलाबदल झाल्यामुळेच. तिथे व्ह्यूअर बदलून काही होणार नाही, माउंटच उघडावं लागेल.

भिंगांच्या दर्जाकडे येऊ. स्वस्त व्ह्यूअरमध्ये प्लॅस्टिकचं एकेरी भिंग असतं. पांढऱ्या आभाळासमोरच्या निष्पर्ण फांद्या चित्राच्या कडेला आणून पाहा. फांद्यांना रंगीत किनार दिसली तर तो व्ह्यूअर खाली ठेवा. दोन काचा जोडलेल्या अ‍ॅक्रोमॅटिक भिंगात ही किनार जवळजवळ नाहीशी होते. मग दाराची उभी बाजू कडेला आणा. ती मध्ये आतल्या बाजूला वाकलेली दिसत असेल, तर सपाट भिंतही बाकदार वाटेल. आणि जास्त मोठं दिसतं म्हणून जास्त चांगलं, असं नाही. व्ह्यूअरच्या भिंगाचं नाभीय अंतर कॅमेऱ्याच्या भिंगाच्या जितकं जवळ, तितकी खोली खरी. ते जास्त असलं तर खोली ताणली जाते, कमी असलं तर चपटी होते. १९४७च्या सुमारास बाजारात आलेल्या स्टिरिओ रिअलिस्ट कॅमेऱ्याचं भिंग ३५ मिमीचं होतं, हे त्या स्लाइड पाहताना ध्यानात असू द्या.

जुन्या भिंगात कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. कडेला इंद्रधनुषी बुडबुडा दिसला तर जोड सुटला आहे, पुसून जाणार नाही.

डोळ्यांमधलं अंतर जुळवता येत नसलेला व्ह्यूअर फक्त एखाद्याच्याच चेहऱ्याला बसतो. ते अंतर सरासरी ६३ मिमीच्या आसपास असलं, तरी माणसागणिक बदलतं. रिअलिस्टच्या लाल बटणाच्या व्ह्यूअरमध्ये हे अंतर आणि फोकस दोन्ही जुळवता येतात. साधा नंबर असेल तर चष्मा काढून फोकसने काम भागतं. सिलिंड्रिकल नंबर मोठा असेल तर चष्मा घालूनच पूर्ण चित्र दिसतं का, हे पाहा.

आकाराकडे दुर्लक्ष करू नका. ४१ बाय १०१ मिमीची स्लाइड खाचेत बसली म्हणजे चित्र पूर्ण दिसेलच असं नाही. फिल्मच्या कडेची पाच छिद्रं व्यापणाऱ्या रिअलिस्ट फ्रेमसाठीचा व्ह्यूअर सात छिद्रांच्या रुंद फ्रेमच्या कडा कापतो.

शेवटी प्रकाश. आत स्लाइड न घालता दिवा लावा. मध्ये उजेडाचा ठिपका आणि कोपऱ्यात अंधार असेल, तर आभाळ डागाळलेलं दिसणारच. जुन्या बल्बच्या जागी नुसता एलईडी बसवणाऱ्यांच्या व्ह्यूअरमध्ये हे हमखास दिसतं, कारण एलईडी प्रकाश एकाच दिशेला टाकतो. दिवा आणि स्लाइडच्या मध्ये प्रकाश पसरवणारा दुधी प्लॅस्टिकचा तुकडा हवा. चेहरे पिवळे दिसले तर फिल्मला बोल लावण्याआधी बॅटरी बदला. व्ह्यूअर ठेवून देताना बॅटऱ्या काढून घ्या, आणि दिवा चालू असताना स्लाइड आत विसरू नका: अंधारात वर्षानुवर्षं टिकणारे कोडाक्रोम या स्लाइड फिल्मचे रंग उजेडात मात्र उडतात.