भुसावळच्या घरातलं इंग्रजी आडनाव : मूळ कसं शोधायचं

आपल्याकडे नवीन माणूस भेटला की पहिला प्रश्न ठरलेला, "तू कोना पोऱ्या शे?" म्हणजे तू कोणाचा पोरगा, मग गाव, मग भाऊबंद, मग मामाचं गाव, आणि चहा संपेपर्यंत काहीतरी नातं निघतंच. भुसावळला रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेल्या स्मिथ, क्लार्क, साइक्स अशा आडनावाच्या पोरांची गाडी मात्र आजोबांपाशी अडते. "पणजोबा रेल्वेत ड्रायव्हर होते, इंग्लंडहून आले होते म्हणे" इथेच सगळं संपतं. पण हे शोधता येतं, बरंचसं घरबसल्या येतं, आणि ज्या घरात म्हातारी माणसं अजून आहेत त्यांनी तर उद्याच सुरू करावं.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. आडनाव ही फक्त एक रेघ आहे, बापाची, त्याच्या बापाची, त्याच्या बापाची. पाच पिढ्या मागे गेलात तर तुमचे ३२ पूर्वज असतात आणि आडनाव त्यातल्या एकाचं असतं, म्हणजे आडनावाचं मूळ सापडलं म्हणजे आपलं मूळ सापडलं असं नाही, ते एका माणसाचं सापडलं. बाकीच्या ३१ जणांचं काय ते शेवटी सांगतो.

सुरुवात घरातल्या पेटीपासून करा. रेल्वेचं सर्व्हिस रेकॉर्ड, पीएफचे कागद, बाप्तिस्म्याचा दाखला, फोटोच्या मागे पेन्सिलीने लिहिलेली नावं, बायबलच्या पहिल्या कोऱ्या पानावर लिहिलेल्या जन्मतारखा, सगळ्याचे मोबाईलवर फोटो काढा आणि स्पेलिंग जसंच्या तसं उतरवून घ्या, सुधारू नका. ‘वाय’च्या जागी ‘आय’ लिहिलेला साइक्स आणि शेवटी ‘ई’ लावलेला क्लार्क हे वेगळे लोक असतीलच असं नाही, एकाच घरात दोन्ही सापडतात. मग आजीला, मावशीला विचारा, आणि नुसतं "आपण कुठले" असं विचारू नका, त्याने काही निघत नाही. विचारा की लग्न कुठल्या चर्चमध्ये झालं, पोरांचे गॉडफादर (बाप्तिस्म्याला पोराची जबाबदारी घेणारा माणूस) कोण, बदली कुठून कुठे झाली, भुसावळच्या आधी इगतपुरी की खांडवा. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे १८५३ ला मुंबई-ठाणे धावली, १८६७ ला भुसावळवरून नागपूरपर्यंत गेली, आणि फिटर, गार्ड, ड्रायव्हर त्या लाईनीसोबत सरकत गेले, त्यामुळे जन्म एका जंक्शनला, लग्न दुसऱ्या आणि कबर तिसऱ्या असं होणारच.

कबरस्तानात जाणार असाल तर सकाळी लवकर किंवा उन्हं कलल्यावर जा. दुपारी जो दगड सपाट दिसतो त्याच्यावर तिरपा उजेड पडला की खोदलेल्या अक्षरात सावली भरते आणि नाव वर येतं. झाडाखाली असेल तर टॉर्च समोरून नको, अगदी कडेने दगडाला चिकटवून धरा. खडू घासणं, चुना फासणं, वायर ब्रश, हे काही करू नका, आधीच झिजलेला दगड त्याने आणखी जातो. नाव, तारीख, वय एवढं मिळालं की जन्माचं साल निघतं, आणि काही दगडांवर माणूस मूळचा कुठला ते गाव किंवा काउंटी (म्हणजे तिकडचा जिल्हा) पण लिहिलेली असते. ती ओळ मिळाली तर कित्येक महिन्यांचं काम वाचलं समजा.

आता रजिस्टर. मुंबई इलाख्यातल्या, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या मुंबई प्रांतातल्या, चर्चमध्ये जे बाप्तिस्मे, लग्नं, दफन व्हायचे त्यांच्या नकला मुंबईला आणि तिथून लंडनला जायच्या. त्या आज ब्रिटिश लायब्ररीच्या इंडिया ऑफिस रेकॉर्डमध्ये आहेत, मुंबईचा गठ्ठा ‘एन/३’ या नंबराखाली. लंडनला जायची गरज नाही. ‘फाइंडमायपास्ट’ या वेबसाइटवर त्यांचे स्कॅन पैसे भरून बघता येतात, ‘फॅमिलीसर्च’ फुकट आहे, आणि ‘फिबिस’ म्हणजे ब्रिटिश इंडियातल्या कुटुंबांवर काम करणारी जी संस्था आहे तिचा डेटाबेस पण फुकट शोधता येतो, मी तर सांगेन तिथूनच सुरुवात करा. आधी लग्नाची नोंद शोधा, बाप्तिस्म्याची नंतर, कारण लग्नाच्या नोंदीत नवऱ्याचं वय, कामधंदा आणि वडिलांचं नाव सापडतं, म्हणजे एका ओळीत एक पिढी मागे जाता येतं. घर कॅथलिक असेल तर लंडनच्या नकला अपुऱ्या पडतात, तेव्हा इथल्याच पॅरिशच्या फादरना भेटा, साल आणि नाव कागदावर लिहून न्या, म्हणजे त्यांना जुनी रजिस्टरं चाळायला सोपं जातं.

इथेच एक सावधगिरी. मुंबई इलाख्यात आडनाव इंग्रजी म्हणजे माणूस इंग्लंडचा असं अजिबात नाही. कूपर हे आडनाव पारशी घरात पण असतं. मिशनऱ्यांच्या काळात ख्रिश्चन झालेल्या आपल्याच लोकांनी पण इंग्रजी आडनावं घेतली, कुणी पाद्रीचं, कुणी गॉडफादरचं. त्यात कमीपणा काही नाही, उलट ती गोष्ट आपल्या जास्त जवळची आहे, पण ती आधीच लक्षात ठेवली नाही तर तुम्ही इंग्लंडमधल्या यॉर्कशायरच्या रजिस्टरात वर्षानुवर्षं उगाच शोधत बसाल.

समुद्रापलीकडचं नाव लागलंच तर पुढचा रस्ता सरळ आहे. इंग्लंडमध्ये पॅरिश रजिस्टरं १५३८ पासून, सरकारी जन्म-मृत्यू नोंद १ जुलै १८३७ पासून, आणि नावानिशी जनगणना १८४१ पासून दर दहा वर्षांनी. यातली १८८१ ची जनगणना आडनावासाठी सोन्यासारखी, कारण तिच्यावरून कुठलं आडनाव कुठल्या भागात दाट आहे त्याचे नकाशे बनलेत. आपल्याकडे रावेरकर, यावलकर म्हटलं की गाव कळतं, तशीच इंग्लंडमध्ये पण जागेवरून पडलेली बरीच आडनावं आहेत. साइक्स हे त्यातलंच, ओढा-नाल्यावरून पडलेलं, आणि नकाशात ते वेस्ट यॉर्कशायरला हडर्सफील्डच्या आसपास दाटतं. स्मिथ असाल तर नकाशाचा काही उपयोग नाही, स्मिथ म्हणजे लोहार, आणि लोहार प्रत्येक गावात होता.

साइक्स आडनाव मुद्दाम घेतलं. एक तर कर्नल विल्यम साइक्सने १८२४ पासून मुंबई सरकारसाठी दख्खनची जी आकडेवारी गोळा केली त्यात खान्देश पण होता, आणि साइक्स लार्क हा चंडोल त्याच्याच नावाचा. (म्हणून भुसावळचा प्रत्येक साइक्स कर्नलचा वंशज होत नाही, आडनावाच्या नावाने कुणी राजचिन्ह विकत असेल तर घेऊ नका, इंग्लंडमध्ये ते माणसाला मिळतं, आडनावाला नाही.) दुसरं म्हणजे आडनाव आणि डीएनए यांचा सगळ्यात गाजलेला अभ्यास याच आडनावावर झाला. ऑक्सफर्डचे ब्रायन साइक्स यांनी आपल्याच आडनावाच्या पुरुषांचा वाय क्रोमोझोम तपासला आणि २००० साली पेपर काढला. वाय क्रोमोझोम बापाकडून मुलाकडेच जातो, अगदी आडनावासारखा. त्यात जवळजवळ निम्मे साइक्स एकाच प्रकारचे निघाले, म्हणजे कागदांवरून वाटत होतं की आडनाव बऱ्याच ठिकाणी वेगवेगळं सुरू झालं असेल, पण मूळ बहुतेक एकच पुरुष. उरलेल्या निम्म्यांमध्ये ७०० वर्षांत कुठेतरी दत्तक, सावत्र बाप, आईचं आडनाव असं काहीतरी झालेलं. लेस्टर विद्यापीठाने नंतर ४० आडनावं तपासली तेव्हा पण हेच दिसलं की आडनाव जितकं दुर्मिळ तितके लोक एका पुरुषाचे, आणि स्मिथ लोकांचं एकमेकांशी काही विशेष जुळत नाही.

तर टेस्ट कोणती करायची? आडनावासाठी वाय-डीएनए, निदान ३७ मार्करची (मार्कर म्हणजे क्रोमोझोमवरच्या तपासायच्या जागा), त्याहून कमीची घेऊ नका, तिच्यावर कुणाशीही जुळतं. ‘फॅमिली ट्री डीएनए’ या टेस्ट करणाऱ्या कंपनीकडे आडनावांचे प्रोजेक्ट असतात, पैसे भरण्याआधी आपल्या आडनावाचा प्रोजेक्ट आहे का ते बघा. टेस्ट त्या घरातल्या पुरुषाचीच करावी लागते, ताईला करायची असेल तर भाऊ, वडील किंवा काकांना तयार करावं लागेल. आपल्या संविधानातली कलम ३६६(२) मधली अँग्लो-इंडियनची व्याख्या पण याच रेघेवर उभी आहे, बाप किंवा बापाकडचा कुणी पुरुष पूर्वज युरोपियन, आईकडचा धरत नाहीत.

रिझल्ट कसा वाचायचा. त्यात वाय क्रोमोझोमचा गट अक्षर-आकड्यांत दिलेला असतो. आर१बी आला तर पश्चिम युरोपकडे बोट जातं, इंग्लंडमध्ये हाच सगळ्यात जास्त. एच किंवा एल आला तर बहुतेक बापाची रेघ इथलीच. आर१ए आला तर घाई नको, तो भारतातही भरपूर आणि युरोपातही, त्याची फांदी म्हणजे उपगट बघावा लागतो, झेड९३ असेल तर आपल्याकडची शक्यता जास्त. आणि एका रिझल्टवरून कुणाला परका ठरवू नका. यॉर्कशायरच्या एका दुर्मिळ आडनावाच्या १८ पुरुषांपैकी ७ जणांत आफ्रिकेतला वाय प्रकार निघाला, आणि ती कित्येक पिढ्या यॉर्कशायरचीच माणसं. इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड, ज्याचा सांगाडा २०१२ ला लेस्टरला सापडला, त्याची आईकडची रेघ आजच्या नातेवाईकांशी जुळली पण पुरुषाकडची जुळली नाही. राजघराण्यात साखळी तुटते तर आपल्या घरात पण तुटू शकते, म्हणून टेस्टचा नमुना द्यायच्या आधी घरातल्या मोठ्यांशी मोकळं बोला, काहीही निघालं तरी आजोबा ते आजोबाच राहतील हे आधी ठरवा आणि मगच पाठवा.

आता ते ३१ जण. जुन्या बाप्तिस्म्याच्या नोंदीत बापाचं पूर्ण नाव, हुद्दा, सगळं असतं आणि आई इथली असेल तर बऱ्याचदा नुसतं बाप्तिस्म्याचं नाव, मारिया किंवा ॲना, माहेरचं काहीच नाही. मला यातलं सगळ्यात जास्त हेच लागतं, कारण इंग्लंडची रेघ शोधायला सगळे तयार, पण जी बाई याच मातीतली होती तिला कुणी शोधत नाही. तिच्यासाठी वाय टेस्ट कामाची नाही. थेट आईकडच्या रेघेसाठी मायटोकॉन्ड्रियल टेस्ट (फक्त आईकडून येणाऱ्या डीएनएची) करा, एम गट आला तर आई-आजी-पणजीची रेघ बहुतेक इथली. बाकी सगळ्या फांद्यांसाठी ऑटोसोमल टेस्ट (आईबाप दोघांकडून येणाऱ्या डीएनएची), पण त्यातले देशांचे टक्के फार मनावर घेऊ नका, सात पिढ्यांमागच्या एका माणसाचा वाटा सरासरी एक टक्क्याच्याही आत येतो, जुळलेल्या नातेवाईकांची यादी बघा, तीच खरी. आणि कागदात तिला शोधायचं तर नवऱ्याचं मृत्युपत्र शोधा. ती पण इंडिया ऑफिस रेकॉर्डमध्ये आहेत, आणि रजिस्टरात जिचं नाव टाळलं तिला घर किंवा पैसे ठेवताना काही जणांनी पूर्ण नावाने लिहिलंय. शोधताना फक्त आपल्या आडनावाचं बघू नका, त्या मृत्युपत्रावर साक्षीदार कोण आणि पोरांचे गॉडपॅरेंट्स कोण त्यांची पण नावं टाकून बघा, तिचा भाऊ किंवा बहीण बहुतेक त्यातच असते.